चौदा नंबरची लिमिट

"मॅडम, रीडिंग लिमिटच्या आत आहे. आणि लिमिट तुम्हीच ठरवली आहे. मग माणूस निळा का पडतो, हे मी तुम्हाला विचारायचं की तुम्ही मला?"

पाठक साहेबांनी माझाच तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट टेबलावरून माझ्याकडे सरकवला. शेवटच्या पानावर माझी सही होती, शिक्काही होता. आणि माझाच कागद कुणी माझ्यावर उलटवला की माझं डोकं फार तापतं.

पाठक म्हणजे प्लांट मॅनेजर. कंपनी इंदापूर तालुक्यातली, रंगांच्या कारखान्यांना लागणारी रसायनं बनवणारी. नाव सांगत नाही. मी राहते बारामतीत आणि माझा धंदा कारखान्यातली हवा मोजण्याचा. त्याला इंडस्ट्रियल हायजीन म्हणतात. हायजीन म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई संडास-मोऱ्या तपासत हिंडते. माझ्या सासूबाईंचा तर शेवटपर्यंत तोच समज होता आणि त्या तो पाहुण्यांनाही सांगायच्या.

निळा पडलेला माणूस म्हणजे दत्ता. वय अडतीस, अंगानं काटक, बोलणं कमी. महिन्याभरात दोनदा त्याचे ओठ आणि नखं निळी पडली होती. पहिल्या वेळी बरोबरच्यांनी चेष्टाच केली, "काय रं, जांभळं खाऊन आलास का?" तेव्हा जांभळांचा मोसमही नव्हता. दुसऱ्या वेळी तो ड्रमला टेकून खाली बसला आणि त्याला उठता येईना. बारामतीच्या दवाखान्यात रक्त काढलं, तर ट्यूबमध्ये काकवी भरल्यासारखं दिसलं. तसंच दाट तपकिरी.

डॉक्टरांनी औषध दिलं, माणूस वाचला. पण कंपनीच्या फाइलमध्ये शेरा पडला: हवा लिमिटच्या आत, सबब कारण वैयक्तिक. येत्या सोमवारी मेडिकल कमिटी बसणार होती. ती 'अनफिट' म्हणाली की बारा वर्षांची नोकरी संपली. आणि 'अनफिट' म्हणून घरी पाठवलेल्या माणसाला एमआयडीसीत दुसरं कोणी उभं करत नाही.

आजचा वार मंगळवार होता.

आता लिमिट म्हणजे काय, ते सांगते. चौदा नंबर हे त्या रसायनाचं कंपनीतलं नाव. ज्या सेक्शनमध्ये ते बनतं, त्यालाही चौदा नंबरच म्हणतात. फिकट पिवळी पापडी असते. ड्रम फोडायचा, पापडी हॉपरमध्ये, म्हणजे यंत्राच्या मोठ्या नरसाळ्यात, ओतायची, त्याची धूळ उडते, थोडी वाफही येते. ती श्वासातून आत गेली की रक्तातल्या लोहाला एक प्रकारचा गंज चढतो. मग ते रक्त ऑक्सिजन पोचवेनासं होतं. माणूस धापा टाकतो, हवा भरपूर आत जाते आणि अंगाला लागत मात्र नाही. शरीर हा गंज स्वतःच घासून काढतं. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

नेहमीच्या विषारी रसायनांचे आकडे सरकारी तक्त्यात असतात. चौदा नंबरचा नव्हता, म्हणून कंपनीनं मला बोलावलं होतं. काम असं असतं: उंदरांवर किती मात्रेपर्यंत काही झालं नाही, ते जुन्या कागदांत शोधायचं. माणूस उंदीर नाही म्हणून तो आकडा भागायचा. सगळी माणसं सारखी नसतात म्हणून पुन्हा भागायचा. माणूस आठ तासांच्या कामात साधारण दहा घनमीटर हवा ओढतो, त्यावरून हवेत किती चालेल ते काढायचं. खरा आकडा कंपनीचा आहे, आपण सोयीसाठी चार धरू. लिमिट चार. दत्ताच्या सेक्शनमध्ये रीडिंग यायचं तीनच्या आसपास. म्हणजे कागदावर सगळं ठीक.

"दारू पीत असेल," पाठक म्हणाले. "या रसायनात दारूनं त्रास वाढतो, हे तुम्हीच लिहिलंय."

"दत्ता सुपारीसुद्धा खात नाही, साहेब. सगळा प्लांट सांगेल."

"मग त्याचं रक्तच कमजोर असेल."

"डॉक्टरांनी ते तपासलंय. नाहीये. मला सोमवारपर्यंत वेळ द्या."

"रविवारी संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मेल करा," ते म्हणाले आणि फोन उचलला.

माझा पहिला संशय हातमोज्यांवर होता. चौदा नंबर कातडीतूनही आत जातो. मोजा फाटका असला तर हवा कितीही स्वच्छ असो, उपयोग शून्य. मी दत्ताचे मोजे, बूट, एप्रन, सगळं तपासलं. ओलसर कापडानं पुसून घेतलं आणि ती कापडं लॅबला दिली. बुधवारी निकाल आला: स्वच्छ. उलट दत्ताइतके जपून मोजे वापरणारा दुसरा माणूस सेक्शनमध्ये नव्हता.

मग पंप. डबीएवढा पंप कमरेला लावायचा आणि त्याची नळी कॉलरला, नाकाजवळ. दिवसभर माणूस जी हवा ओढतो, तीच पंपही ओढतो. दत्ता अजून कामावर नव्हता, म्हणून त्याच्या जागेवर उभ्या असलेल्या सोपानला लावला. सकाळी सातला लावला, दुपारी तीनला काढला. गुरुवारी रीडिंग आलं. दोन पॉइंट नऊ.

माझी चिडचिड झाली. रीडिंग चांगलं आलं म्हणून चिडणारी बाई पाहून लॅबवाल्याला गंमत वाटली असावी.

उरली होती एकच जागा, कपडे बदलायची खोली. लॉकरमध्ये चौदा नंबरची धूळ साठली असेल, घरच्या कपड्यांना लागत असेल, असा विचार. तीन वर्षांपूर्वी मी तिथे गेले नव्हते. पुरुषांची खोली, उगाच कशाला, म्हणून फोरमननं सांगितलं तेवढं लिहून घेतलं होतं. माझ्या धंद्यात ही लाज परवडत नाही, हे मला पंचवीस वर्षं काम करून कळलेलं असायला हवं होतं.

फोरमन म्हणजे भगवान तात्या. रिटायरमेंटला दोन वर्षं उरलेली, पांढऱ्या मिशा, सेक्शनमध्ये शब्दाला वजन. शुक्रवारी दुपारी खोली रिकामी झाल्यावर मी त्यांना दाराशी उभं राहायला सांगितलं.

"आत काय न्हाय मॅडम," तात्या म्हणाले. "घामट कापडं हायत नुसती."

"तीच बघायचीत."

लॉकर पुसत पुसत मी शेवटच्या लॉकरशी आले. त्याच्या दाराला आतून एक वहीचा कागद चिकटवला होता. पेनानं तीन रकाने आखलेले. पहिल्यात वार, दुसऱ्यात एक नाव आणि पुढे 'पाणी', तिसऱ्यात दुसरं नाव आणि पुढे 'डबल'. सोमवार, सोपान पाणी, दत्ता डबल. मंगळवार, नाना पाणी, दत्ता डबल. असा मागचा पूर्ण महिना.

"तात्या, हे काय आहे?"

तात्या दारातून हलले नाहीत. बाहेर कुणी नाही ना, ते त्यांनी मान वळवून पाहिलं. मग म्हणाले, "सावड हाय आमची."

सावड म्हणजे शेतकऱ्यांची जुनी रीत. आज तू माझ्या रानात ये, उद्या मी तुझ्या. पैशाचा प्रश्न नाही. ती रीत या लोकांनी शिफ्टला लावली होती.

झालं होतं असं. सेक्शनमधली बहुतेक माणसं कालव्याकाठच्या गावांतली. कुणाचा ऊस, कुणाचे पेरू, कुणाचं डाळिंब. कालव्याला पाणी सुटलं की पाटकरी प्रत्येकाला वेळ ठरवून देतो. त्या वेळेला रानात उभं राहून दारं धरावी लागतात, म्हणजे एक सरी भरली की पाणी पुढच्या सरीत वळवावं लागतं. ती वेळ चुकली की पाणी पुढच्या माणसाला जातं आणि आपलं पीक महिनाभर कोरडं. म्हणून ज्याची पाण्याची वेळ यायची त्यानं रानात जायचं आणि आधीच्या शिफ्टच्या कुणीतरी त्याच्या जागी थांबायचं. सकाळी सात ते रात्री अकरा. सोळा तास.

"आणि गेटवरचं अंगठ्याचं मशीन?"

तात्यांनी उजवा अंगठा माझ्यापुढे धरला. गुळगुळीत. "फावड्यानं अन् केमिकलनं रेषाच ऱ्हाईल्या न्हाईत. आमच्यापैकी कुणाचाच अंगठा मशीन घेत न्हाय. म्हून आमाला रजिस्टर दिलंय."

"आणि रजिस्टरवर सही कुणाची?"

"माजी."

मी तिथल्या बाकावर बसले. लाज वाटली, हे सरळच सांगते. मी सातला पंप लावला, तीनला काढला आणि बारामतीला निघून गेले. दत्ता अकराला सुटत होता. त्या पंपानं मला कधी खोटं सांगितलं नाही. मी त्याला अर्धाच दिवस विचारत होते.

त्याच संध्याकाळी मी दत्ताच्या घरी गेले. तो अंगणात खाटेवर होता. ओठ आता बरे दिसत होते. मी कागदाचं सांगितल्यावर तो उठून बसला.

"तुमी सायबांना सांगणार का?"

"आधी तू मला सांग. सगळ्यात जास्त डबल तुझेच का?"

"माजं रान लई खाली हाय, कालव्याच्या चारीच्या पार शेवटाला. तितं पाणी पोचतंच न्हाय कधी. मला दारं धरायला जायाचं कुठं?"

"म्हणून सगळ्यांचं तूच करायचं?"

त्यानं घराच्या दाराकडं पाहिलं. आत त्याची बायको भाकरी थापत होती. "ही दवाखान्यात होती तवा त्यांनी माजी शिफ्ट एकोणीस दिस काढली. तात्यांनी सुद्दा काढली, या वयात. मी कसा न्हाय म्हनू?"

"आणि हे निळं पडणं? सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं तर सावड उघडी पडती. तात्यांची नोकरी जाती, सोपान जातो, समदीच जात्यात. त्यापरीस मी एकटा अनफिट झालेला बरा."

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. मी त्याला म्हटलं, "दत्ता, असलं शहाणपण पुन्हा करू नकोस." चहा न घेताच निघाले, ते त्याच्या बायकोला आवडलं नाही.

शनिवारी गणित मांडलं. लॉकरवरचे वार आणि दत्ता आजारी पडल्याचे दिवस शेजारी शेजारी लिहिले. पहिल्यांदा निळा पडला बुधवारी, त्याआधी सोमवार-मंगळवार लागोपाठ डबल. दुसऱ्यांदा रविवारी, त्याआधी शुक्रवार-शनिवार डबल. पुन्हा पंप लावून खात्री करायची गरज नव्हती. त्यासाठी कुणालातरी सोळा तास उभं करावं लागलं असतं, आणि माझ्या खात्रीसाठी माणसाचं रक्त काळं करायचा मला अधिकार नाही.

गणित सोपं आहे. आठऐवजी सोळा तास काम, म्हणजे दुप्पट हवा आत. लिमिट चारची दोन झाली. पण तेवढ्यावर भागत नाही. आठ तास काम केलं तर गंज घासून काढायला शरीराला सोळा तास मिळतात. सोळा तास काम केलं तर आठच. म्हणजे पुन्हा अर्धं. दोनची एक. सोळा तासांसाठी लिमिट एक होती आणि दत्ता तीनमध्ये उभा होता.

हे मला तीन वर्षांपूर्वी माहीत नव्हतं का? होतं की. जुना रिपोर्ट पुन्हा उघडला. पान अकरा, खालच्या बाजूला, बारीक टाइपात, इंग्रजीत एक ओळ होती: ही लिमिट फक्त आठ तासांच्या शिफ्टसाठी लागू. मीच लिहिली होती. ती वाचणारा माणूस सेक्शनमध्ये एकही नव्हता, आणि ऑफिसात वाचू शकणाऱ्यांनी वाचली नव्हती.

रविवारी मेल केला नाही. सोमवारी सकाळी कमिटीच्या आधी कागद घेऊन पाठकांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि चष्मा काढला.

"शिफ्टची लांबी सोळा तास? हे लिहू नका मॅडम. फॅक्टरी इन्स्पेक्टरनं पाहिलं तर मलाच धरतील."

"मग खोटं लिहू का?"

"कोण करतं हे? नावं द्या, आजच बंद करतो."

"मी हवा मोजते साहेब, माणसं पकडत नाही."

"आणि लिमिट एक? मग आपला प्लांट आज नापास आहे!"

"आज नाही, तीन वर्षांपासून आहे. चूक माझी आहे, तसं पहिल्याच ओळीत लिहिलंय, बघा. हॉपरला सक्शन लावा, धूळ उडते तिथंच ओढून घ्या. रीडिंग एकच्या खाली येईल."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत चौदा नंबरमध्ये आठ तासांवर एक मिनिट नाही. आणि दत्ताच्या फाइलमधला 'वैयक्तिक' शब्द काढा. कारण कामाचं आहे."

पाठक उठले. "मॅडम, मी दुसरा कन्सल्टंट आणू शकतो."

"आणा. त्याला पान अकरा दाखवा. आणि मी या कागदाची एक प्रत तुमच्या हेड ऑफिसला पाठवल्याशिवाय राहणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

खरं सांगायचं तर धमकी पोकळ नव्हती. त्या कंपनीचं काम गेलं असतं तर वर्षाचं निम्मं काम गेलं असतं. पण मागे सरकायचं नाही, एवढं मी येताना एसटीतच ठरवलं होतं.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर उभं राहून सगळं ऐकलेले भगवान तात्या आत आले. टोपी हातात.

"सायेब, मॅडमना नावं इचारू नगा. रजिस्टरवरची सही माजी हाय. मला इचारा."

"तात्या, ही खोटी हजेरी आहे. समजतं का तुम्हाला?"

"व्हय, खोटी हाय. पन तुमच्या चार्टवर सोपान तीनला आत पायजे, अन् पाटकऱ्यानं त्येला पाणी दिलं तीनलाच. पाण्याला म्हनायचं का, थांब जरा, माजी शिफ्ट सुटू दे?" तात्यांचा आवाज चढला, मग त्यांनीच तो खाली आणला. "आमाला इख हाय म्हाईत व्हतं. जास्ती तास थांबल्यावर जास्ती इख, हे कुनी सांगितलंच न्हाय. मला वाटलं, माजं पोरगंच अशक्त हाय. मी त्येला गूळ-शेंगदाणे खा म्हनून सांगत व्हतो."

दत्ता त्यांचा मुलगा नव्हता. सेक्शनमधल्या सगळ्यांनाच ते पोरगं म्हणायचे.

पाठक खुर्चीत बसले. पुण्याकडचा माणूस, पाणी नळाला येतं एवढंच ठाऊक असलेला. पण डोकं चालणारा. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "हा पाटकरी वेळ कधी सांगतो?"

"आठ दिस आधी."

"आणि आपला शिफ्ट चार्ट निघतो महिन्याच्या सुरुवातीला."

"तेच तर म्हनतोय."

"म्हणजे चार्ट आठवड्याचा काढला, पाण्याच्या वेळा बघून, तर डबल लागणार नाही?"

तात्यांनी टोपी डोक्यावर घातली. "मग कशाला लागंल?"

एवढं सोपं होतं. मात्र ते सोपं होण्यासाठी एक माणूस दोनदा निळा पडावा लागला.

कमिटी दुपारी बसली. दत्ता 'फिट' ठरला, पंधरा दिवस पगारी रजा आणि चौदा नंबरऐवजी पॅकिंगला बदली. तात्यांना मात्र वॉर्निंग लेटर मिळालं आणि रजिस्टरवरची सही त्यांच्या हातून गेली. मी त्याविरुद्ध बोलून पाहिलं, ते काही झालं नाही. तात्या म्हणाले, "सही करून करून हात दुखत व्हता, बरंच झालं." पण ते हसले नाहीत.

सक्शन बसायला चार महिने लागले. हेड ऑफिसनं तीनदा विचारलं, आठ तासच काम आहे तर लिमिट चारच ठेवा, एक कशाला? मी तिन्ही वेळा तेच लिहिलं: उद्या कुणाचं लग्न निघेल, कुणी आजारी पडेल, कालवा मध्येच बंद पडून पुन्हा सुटेल, आणि ही माणसं एकमेकांसाठी थांबतील. ती थांबणारच. लिमिट अशी हवी की थांबला तरी माणूस मरू नये. शेवटी लिमिट एकच राहिली. आणि तासांची ओळ आता पान अकरावर नाही. हॉपरच्या वर भिंतीवर, वीतभर अक्षरांत, मराठीत रंगवली आहे: इथे आठ तासांच्या वर थांबायचं नाही.

परवा ऑडिटला गेले होते. पॅकिंगमधून दत्ता बाहेर आला आणि दोन्ही हात पालथे करून माझ्यापुढे धरले. दहाही नखं गुलाबी. मी चष्मा पुसत बसले. त्याच्या मागे नोटीस बोर्डवर शिफ्ट चार्ट लावला होता. पहिल्या रकान्यात शिफ्ट नव्हती. तिथे लिहिलं होतं, पाणी कुणाचं.

हल्ली कुठल्याही कारखान्यात लिमिट ठरवायला गेले की मी रसायनाचं नाव नंतर विचारते. आधी विचारते, इथली माणसं घरी काय करतात?